छाया मंत्री कोण निवडतं?

प्रश्न : ब्रिटनमध्ये विरोधी पक्षाचे छाया मंत्री खासदारच मतदानानं निवडतात, असं वडील सांगायचे. खरं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : छाया मंत्री म्हणजे सरकारातल्या एकेका मंत्र्याच्या खात्यावर नजर ठेवणारा विरोधी पक्षाचा नेता. वडिलांचं म्हणणं खरं, पण मजूर पक्षापुरतं आणि २०११ पर्यंतच. शेवटची निवडणूक ऑक्टोबर २०१० मध्ये झाली. १९ जागांना ४९ उमेदवार! इव्हेट कूपर २३२ मतांनी पहिल्या आल्या. खातेवाटप मात्र नेत्याकडे. तेव्हाचे पक्षनेते एड मिलिबँड यांनी छाया अर्थखातं ॲलन जॉन्सन यांना दिलं. पुढच्याच वर्षी मिलिबँड यांनी ही पद्धत बंद केली. अंतर्गत प्रचारात शक्ती खर्च होते, हे कारण. मला ते पटत नाही. नेत्याच्या मर्जीतला नसलेला खासदारही सहकाऱ्यांच्या मतांवर पुढच्या बाकावर, म्हणजे छाया मंत्र्यांत, बसायचा. मी तीस वर्षं पक्षबैठकांना बसले. ‘निवडीचे सर्वाधिकार श्रेष्ठींना’ हा एका ओळीचा ठराव ऐकताना दर वेळी जीव तुटायचा.