'अ‍ॅप डॅमेज्ड आहे' म्हणजे नक्की काय, आणि त्यासाठी गेटकीपर बंद का करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे: गिटहबवरून एक ओपन सोर्स अ‍ॅप उतरवलं. एम-मालिकेच्या मॅकवर ते 'डॅमेज्ड' आहे, कचऱ्यात टाका, असा संदेश येतो. ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर तेच अ‍ॅप उघडताना निळी खिडकी आडवी येते. कुणीतरी टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) गेटकीपर, म्हणजे उतरवलेली अ‍ॅप तपासणारा मॅकचा पहारेकरी, कायमचा बंद करायचा सल्ला दिलाय. तो ऐकावा का, आणि हे डेव्हलपर अ‍ॅपवर सरळ डिजिटल सही करून का देत नाहीत?

सल्ला ऐकू नका. अ‍ॅप चालेल, पण एका अ‍ॅपसाठी सगळ्याच अ‍ॅपना मोकळं रान द्यायची काही गरज नाही.

आधी त्या 'डॅमेज्ड'बद्दल, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच घाबरतात. बहुतेक वेळा फाइलला काहीही झालेलं नसतं. ब्राउझर एखादी फाइल उतरवतो तेव्हा मॅकओएस तिला क्वारंटाइनची एक खूण चिकटवतं. टर्मिनलमध्ये एक्सअ‍ॅटर ही कमांड एल हा पर्याय लावून त्या अ‍ॅपवर चालवलीत तर ती खूण दिसते: अर्धविरामांनी तोडलेली एक ओळ, त्यात काही आकडे, उतरवल्याची वेळ, कोणत्या प्रोग्रॅमने उतरवली त्याचं नाव आणि शेवटी एक लांबलचक ओळख क्रमांक. ही खूण असली की पहिल्यांदा उघडताना गेटकीपर तपासणी करतो: नोंदणीकृत डेव्हलपरची सही आहे का, आणि अ‍ॅपलकडून नोटरायझेशन, म्हणजे मालवेअरसाठीची तपासणी, झालंय का.

आता एम-मालिकेची गंमत. त्या प्रोसेसरसाठी बनवलेला कोणताही प्रोग्रॅम सहीशिवाय चालतच नाही. म्हणून अ‍ॅप बनवताना लिंकर (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन) स्वतःच एक 'अ‍ॅड-हॉक' सही ठोकून देतो. ही सही कुणाचीच नसते. कोड बदललेला नाही एवढंच ती सांगते, कोणी लिहिला ते सांगत नाही. पुष्कळ छोट्या प्रोजेक्टमध्ये अशी सही फक्त मुख्य प्रोग्रॅमवर असते, अ‍ॅपच्या फोल्डरमधली चित्रं, भाषांतरं वगैरे बाकीचा ऐवज सीलबंद केलेलाच नसतो. तपासणीत हे जुळत नाही आणि मग सहीचा घोळ सांगायचा सोडून सिस्टम सरळ 'डॅमेज्ड' म्हणून मोकळी होते. माझ्या मते हा संदेश वाईट लिहिलेला आहे. खरी चूक काय ते कळत नाही, आणि माणूस वैतागून जी कमांड सापडेल ती चिकटवतो.

कोडसाइन कमांडने पाहिलंत तर चित्र स्पष्ट होतं. डी आणि दोनदा व्ही हे पर्याय लावून अ‍ॅपवर चालवा. 'सिग्नेचर=अ‍ॅडहॉक' आणि 'टीमआयडेंटिफायर=नॉट सेट' असं आलं तर सहीमागे कुणी नाही. 'ऑथॉरिटी' अशा ओळी आल्या तर पहिल्या ओळीत सही करणाऱ्याचं नाव असतं, आणि ते नाव वाचायची सवय लावून घ्या. का, ते सांगतो.

मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंट प्रोग्रॅमच्या अधिकृत साइटवरचा २.९० आवृत्तीचा इन्स्टॉलर कुणीतरी बदलून ठेवला. आत केरेंजर हे खंडणीखोर मालवेअर होतं. ते तीन दिवस गप्प बसायचं, मग फाइली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागायचं. गेटकीपरने ते अडवलं का? नाही. कारण त्या इन्स्टॉलरवर अ‍ॅपलने दिलेल्या वैध सर्टिफिकेटची सही होती. फक्त ती ट्रान्समिशनवाल्यांची नव्हती, भलत्याच डेव्हलपरची होती. आधीच्या आवृत्तीवरचं नाव आणि या आवृत्तीवरचं नाव शेजारी ठेवलं असतं तर फरक दिसला असता. अ‍ॅपलने नंतर ते सर्टिफिकेट रद्द केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच प्रोग्रॅमच्या बाबतीत पुन्हा असाच प्रकार झाला, तेव्हाच्या मालवेअरचं नाव कीडनॅप.

म्हणजे सही असली की माल चांगला, असं नाही. आणि सही नसली की माल वाईट, असंही नाही. सही 'कोण' एवढंच सांगते. ओपन सोर्समध्ये हे 'कोण' आणि 'तेच का' शोधायचे दुसरे मार्ग आहेत. सिस्टमचा अडसर बाजूला करण्याआधी ते वापरायचे.

पहिला मार्ग हॅशचा, म्हणजे फाइलवरून काढलेल्या ठशाचा; फाइल जराही बदलली की तो बदलतो. मॅकवर एसएचएसम, विंडोजवर पॉवरशेलमधलं गेट-फाइलहॅश, लिनक्सवर एसएचए२५६सम. पण हॅश कुठून घेता यावर सगळं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची साइट फोडून डाउनलोडच्या लिंका मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) असलेल्या आयएसओकडे, म्हणजे सिस्टम बसवायच्या फाइलीकडे, वळवल्या होत्या. साइटवर असा कब्जा मिळालेला माणूस फाइल बदलू शकतो तसा तिच्याशेजारी छापलेला हॅशही बदलू शकतो. म्हणून त्याच पानावरचा हॅश फक्त डाउनलोड अर्धवट झालं का एवढ्यासाठी कामाचा. मी काय करतो ते सांगतो: होमब्रू (मॅकवर अ‍ॅप बसवायचं साधन) याच्या कास्कची, म्हणजे अ‍ॅपची, रेसिपी किंवा विनगेट (विंडोजचं तसंच साधन) याचं मॅनिफेस्ट उघडून बघतो. ही सगळी सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) असतात, त्यात त्या आवृत्तीच्या फाइलचा एसएचए२५६ हॅश बहुधा लिहिलेला असतो, आणि तो प्रोजेक्टच्या साइटपेक्षा वेगळ्या जागी, वेगळ्या लोकांच्या नजरेखालून गेलेला असतो. दोन्ही जुळले तर निदान तुम्हाला मिळालेली फाइल बाकी जगाला मिळालेलीच आहे एवढी खात्री होते.

दुसरा मार्ग जीपीजी सहीचा, म्हणजे डेव्हलपरने स्वतःच्या किल्लीने फाइलवर केलेल्या सहीचा. प्रोजेक्ट ती देत असेल तर उत्तमच, पण किल्ली त्याच पानावरून उचललीत तर वरचाच प्रश्न परत येतो. तिसरा मार्ग नवा आहे. २०२४ पासून गिटहबवर बिल्डचं अटेस्टेशन, म्हणजे फाइल कशी बनली याचा दाखला, ठेवता येतं. फाइल कोणत्या रिपॉझिटरीतून, कोणत्या कमिटवरून (कोडच्या नोंदवलेल्या बदलावरून), कोणत्या वर्कफ्लोने (आपोआप बिल्ड करणाऱ्या कृतीने) बनली ते जीएच या कमांडने तपासता येतं. प्रोजेक्टने ते चालू केलेलं असेल तर आधी हेच वापरा. तुमच्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर सहीसुद्धा देत नाही.

यातलं काहीच रामबाण नाही, हेही खरं. २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीला आलेल्या एक्सझेड (लिनक्समधलं फाइली दाबून लहान करायचं साधन) प्रकरणात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या प्रोजेक्टच्याच अधिकृत मेंटेनरने सही करून दिल्या होत्या. मागचं दार उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. अशा हल्ल्यापुढे तुमचा-माझा हॅश काही करू शकत नाही. पण तेवढ्या कारणाने बाकीची तपासणी सोडून द्यायची म्हणजे अतीच झालं.

तपासून झालं की मॅकवर काय करायचं? आधी अ‍ॅप अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये हलवा. डाउनलोड्समधूनच उघडलंत तर सिस्टम ते एका तात्पुरत्या, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवते, आणि मग सेटिंग टिकत नाही, अपडेट होत नाही, अशा तक्रारी सुरू होतात. मग एकदा डबल-क्लिक करून नकार घ्या. 'अ‍ॅपल कुड नॉट व्हेरिफाय' अशा अर्थाचा संदेश असेल तर सिस्टम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन खाली सरका. तिथे 'ओपन एनीवे' बटण दिसेल. ते नकारानंतर साधारण तासभरच टिकतं. दिसलं नाही तर अ‍ॅप पुन्हा उघडायचा प्रयत्न करून परत जा.

पूर्वी कंट्रोल-क्लिक करून 'ओपन' म्हटलं की काम व्हायचं. २०२४ च्या सेकोया या मॅकओएस आवृत्तीपासून ती वाट बंद झाली. जुन्या लेखांमध्ये अजून तीच पद्धत दिलेली सापडते, म्हणून बरेच जण तिथे अडकतात. चिडायचं कारण आहे, पण दुसरी बाजूही बघा: पासवर्ड चोरणारी मालवेअर डीएमजीच्या (मॅकच्या इन्स्टॉलर फाइलीच्या) पार्श्वभूमीवरच 'राइट-क्लिक करा आणि ओपन निवडा' असं चित्र छापून देत होती. आता तेच लोक 'टर्मिनल उघडा आणि ही ओळ चिकटवा' असं सांगतात. म्हणून कुणीही दिलेली कमांड, अगदी माझीसुद्धा, काय करते ते कळल्याशिवाय चालवू नका.

'डॅमेज्ड' संदेशाच्या वेळी मात्र 'ओपन एनीवे' बटण येतच नाही. तेव्हा फक्त त्या अ‍ॅपवरची क्वारंटाइनची खूण काढायची: एक्सअ‍ॅटर, मग डी आणि आर हे पर्याय, मग कॉम-डॉट-अ‍ॅपल-डॉट-क्वारंटाइन हे नाव, मग अ‍ॅपचा पत्ता. पत्ता टाइप करत बसू नका, फाइंडरमधून अ‍ॅप ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा, आपोआप येतो. तुम्हीच कॉपी केलेल्या अ‍ॅपला सहसा सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) लागत नाही. अशा वेळी कुणी सुडो लावायला सांगत असेल तर का ते विचारा. आणि तुम्हाला दिलेला तो सल्ला, एसपीसीटीएल कमांडने सगळंच बंद करायचा, तो मशीनवरच्या पुढच्या प्रत्येक फाइलला लागू होतो. सहा महिन्यांनी दुसरंच काही उतरवाल तेव्हा ते बंद आहे हे आठवणारही नाही.

स्वतःच्या हाताने पुन्हा सही करायची कमांडही लोक सुचवतात. खूण काढूनही अ‍ॅप उघडत नसेल तरच ती वापरा. तिचा एक त्रास कुणी सांगत नाही: स्क्रीन रेकॉर्डिंग, अ‍ॅक्सेसिबिलिटी वगैरे परवानग्या सहीशी बांधलेल्या असतात. अ‍ॅड-हॉक सही म्हणजे नुसता त्या कोडचा हॅश, त्यामुळे प्रत्येक नव्या आवृत्तीला त्या परवानग्या परत द्याव्या लागतात. सेटिंग्जमध्ये बटण चालू दिसतं आणि अ‍ॅप मात्र परवानगी नाही म्हणून रडतं. तेव्हा यादीतली जुनी नोंद वजा करून नव्याने घाला.

सोर्सवरून स्वतः बिल्ड केलंत तर हे काहीच करावं लागत नाही, कारण तुमच्याच मशीनवर बनलेल्या फाइलला क्वारंटाइनची खूणच नसते. कर्ल या टर्मिनलमधल्या कमांडने उतरवलेल्या फाइललाही नसते. गेटकीपर किती पाहतो आणि किती नाही, हे त्यावरून ओळखा.

विंडोजचं तंत्र बरंच सारखं आहे. उतरवलेल्या फाइलला झोन-आयडेंटिफायर नावाचा छुपा जोड लागतो, त्यात 'झोनआयडी=३' म्हणजे इंटरनेटवरून आलेली. निळी खिडकी स्मार्टस्क्रीनची, म्हणजे विंडोजच्या पहारेकऱ्याची. ती नुसती सही बघत नाही, फाइल किती ओळखीची आहे तेही बघते. सही नसलेल्या प्रोजेक्टची ओळख त्या एका फाइलपुरती असते, त्यामुळे नवी आवृत्ती आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. 'मोअर इन्फो' दाबल्यावर 'रन एनीवे' येतं. किंवा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'. झिप असेल तर उलगडण्याआधी अनब्लॉक करा, नाहीतर एक्सप्लोरर आतल्या फाइलींवरही तीच खूण उमटवतो.

विंडोज ११ मधलं स्मार्ट अ‍ॅप कंट्रोल (अनोळखी अ‍ॅप थेट अडवणारी सोय) चालू असेल तर 'रन एनीवे' मिळतच नाही, एका अ‍ॅपपुरती सूटही नाही. एका छोट्या अ‍ॅपसाठी ते बंद करण्यापेक्षा त्या अ‍ॅपची सही असलेली आवृत्ती कुठे मिळते का ते आधी बघा. आणि एखादा प्रोग्रॅम ड्रायव्हर बसवायला टेस्ट-सायनिंग (ड्रायव्हरच्या सहीची सक्ती सैल करणं) चालू करा किंवा सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सहीची तपासणी) बंद करा म्हणत असेल तर मी तो सोडून देतो. कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, शिरणाऱ्या कोडला मी वेगळा नियम लावतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नका. तिथे बटण गायब असेल तर ते धोरणाने काढलेलं असतं. आयटीवाल्यांना रिपॉझिटरीची लिंक, लायसन्स, आवृत्ती आणि हॅश पाठवून मान्यता मागा. एवढी माहिती एकदम दिली की नकाराचीही कारणं मिळतात.

राहिला डेव्हलपरचा प्रश्न. अ‍ॅपलच्या डेव्हलपर प्रोग्रॅमची फी वर्षाला ९९ डॉलर. माफी ना-नफा संस्था, शिक्षणसंस्था आणि सरकारी संस्थांना मिळते, फावल्या वेळात अ‍ॅप लिहिणाऱ्या एकट्या माणसाला नाही. विंडोजसाठी जून २०२३ पासून सहीची किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. त्यामुळे सर्व्हरवर आपोआप बिल्ड करून सही करणं महाग आणि किचकट झालं. साइनपाथ फाउंडेशन ओपन सोर्स प्रोजेक्टना मोफत सही करून देतं, पण तिथेही अर्ज आणि अटी आहेतच. शिवाय व्यक्तीच्या नावाचं सर्टिफिकेट घेतलं की खरं नाव प्रत्येक फाइलवर जातं, आणि ते सगळ्यांनाच नको असतं. यात आळस कमी आणि हिशेब जास्त आहे. एखादं अ‍ॅप रोज वापरत असाल तर त्या ९९ डॉलरसाठी देणगी द्या किंवा साइनपाथचा पर्याय इश्यूमध्ये (प्रोजेक्टच्या तक्रार-सूचनांच्या पानावर) सुचवा. फक्त 'सही का नाही' असं विचारणारे इश्यू त्यांच्याकडे ढिगाने पडलेले असतात.

आता तुमच्या मॅकपुरतं: फाइल प्रोजेक्टच्या रिलीज पानावरून पुन्हा उतरवा, हॅश होमब्रूच्या रेसिपीशी ताडून बघा, आणि कोडसाइनचं पूर्ण आउटपुट इथे टाका. 'सील्ड रिसोर्सेस=नन' अशी ओळ त्यात असेल तर वर सांगितलेलाच प्रकार आहे, खूण काढा आणि वापरा. 'ऑथॉरिटी'मध्ये एखादं नाव आलं आणि तरीही 'डॅमेज्ड' येत असेल, तर काही चालवायच्या आधी ते नाव आणि आवृत्ती कळवा. सही झाल्यानंतर फाइल बदलली गेलेली असू शकते, किंवा ते सर्टिफिकेट रद्द झालेलं असू शकतं.