स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जुनं दगडी घर घेताना होम रिपोर्ट पुरतो का, की वेगळा सर्व्हे करावा?

तुम्ही विचारलंय की फाइफच्या ईस्ट न्यूकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या जुन्या गावांच्या पट्ट्यात, एक जुनं दगडी घर आवडलंय, होम रिपोर्टमध्ये, म्हणजे विकणाऱ्याने काढलेल्या घराच्या तपासणी अहवालात, ओलीला ३ आणि छपराला २ असा शेरा आलाय (१ ते ३, ३ सगळ्यात तातडीचा), एजंट म्हणतो इकडच्या सगळ्याच घरांना असं असतं, तर अजून एक सर्व्हे करावा की सरळ ऑफर टाकावी. आम्ही २०२१ मध्ये तिथल्याच पिटनवीम गावात घर घेतलं, बंदरापासून चार मिनिटांवर, आमच्या रिपोर्टमध्ये पण ओलीला ३च होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात सांगतो. अख्खा दुसरा सर्व्हे बहुतेक लागणार नाही, पण जुन्या दगडी घरांची आणि चुन्याच्या कामाची जाण असलेला माणूस एकदा त्या घरात नक्की फिरवून आणा, आणि तेही ऑफर टाकायच्या आधी.

होम रिपोर्ट इथे १ डिसेंबर २००८ पासून सक्तीचा आहे, घर बाजारात आणताना विकणाऱ्यानेच तो काढायचा असतो. त्यात सिंगल सर्व्हे (घराची तपासणी आणि किंमत), एनर्जी रिपोर्ट आणि विकणाऱ्याने भरलेली प्रॉपर्टी क्वेश्चनेअर असे तीन भाग. आपल्या लोकांना हमखास शंका येते की पैसे विकणारा देतो म्हणजे रिपोर्ट त्याच्याच बाजूचा असणार. तसं नाहीये, सर्व्हेयर आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेचा असतो आणि तो घर घेणाऱ्यालाही जबाबदार असतो. खरी अडचण आहे ती त्याला काय बघता आलं नाही याची. तो कार्पेट उचलत नाही, जड फर्निचर हलवत नाही, छप्पर जमिनीवरून, फार तर दुर्बिणीने बघतो, आणि माळ्यात बऱ्याचदा झडपेतून डोकं घालून दिसेल तेवढंच. हे सगळं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं पण आपण १-२-३ आकडे बघतो आणि पुढे जातो. तुम्ही परत एकदा वाचा आणि जिथे जिथे "बघता आलं नाही" या अर्थाचं वाक्य आहे तिथे पेन्सिलने खूण करा. आमच्या रिपोर्टमध्ये अशा सात जागा होत्या आणि पुढे खर्च निघाला त्यातल्या दोन ठिकाणी.

आकड्यांचं म्हणाल तर १ म्हणजे लगेच काही करायला नको, २ म्हणजे पुढे दुरुस्ती लागेल पण अंदाज आत्ताच घ्या, आणि ३ म्हणजे काम तातडीने करायला हवं. एजंट म्हणतो ते खोटं नाही, शंभर-दोनशे वर्षांच्या घरांना इथे ओलीचा शेरा येतोच, पण "सगळ्यांना असतं" म्हणून तो सोडून द्यायचा नसतो, ओल कशामुळे आलीय ते शोधायचं असतं.

आता ओलीबद्दल, कारण तुमचा निर्णय यावरच ठरणार आहे. ही घरं जाड दगडी भिंतींची, मूळ बांधकाम चुन्यातलं, आणि बाहेरून चुन्याचाच खरबरीत गिलावा, ज्याला इथे हार्लिंग म्हणतात. अशी भिंत पाऊस थोडा पिते आणि वारा लागला की परत सोडते. नंतर कधीतरी कोणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतं किंवा दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरतं. मग बारीक भेगेतून पाणी आत जातं पण बाहेर यायला वाट राहत नाही, ते आतल्या खोलीत येतं. मला हे पटकन पटलं कारण दापोलीकडे आमच्या आजोळी चिऱ्याच्या घराला मामाने हौसेने सिमेंटचा गिलावा केला आणि ज्या भिंती आधी कोरड्या असायच्या त्या दोन पावसाळ्यांत आतून फुगल्या.

दुसरं म्हणजे ओलावा मोजायचं ते हातातलं यंत्र. ते मुळात लाकडासाठी आहे, भिंतीत मीठ असेल तर आकडा उगाच वर जातो, आणि समुद्राकाठच्या भिंतीत मीठ असणारच. त्यामुळे यंत्राने जास्त दाखवलं म्हणजे जमिनीतून ओल चढतेय असं लगेच धरू नका. आमच्याकडे एका कंपनीचा माणूस फुकट तपासणीला आला, वीस मिनिटं यंत्र लावलं आणि भिंतीत केमिकलचं इंजेक्शन द्यायचं भलंमोठं कोटेशन पाठवलं. दोन फूट जाडीच्या भिंतीत, जिच्या पोटात नुसता भराव आहे, ते केमिकल सलग पसरणार कसं हे त्याला विचारलं तर उत्तर नव्हतं. जो काम विकतो त्याच्याकडून निदान घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. नंतर आम्ही पैसे देऊन चुन्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गवंड्याला आणलं, तो आधी आत आलाच नाही, पावसात बाहेर उभा राहून पन्हळ बघत बसला. इथले लोक पन्हळीला रोन म्हणतात. ती मागच्या बाजूला तडकली होती आणि पाणी वर्षानुवर्षं भिंतीवरून ओघळत होतं, शिवाय मागच्या अंगणाची माती आतल्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झाली होती. पन्हळ बदलली, माती उतरवली, एका बाजूचं सिमेंट काढून चुना केला, आणि भिंत सुकायला एक वर्ष गेलं. चुन्याचं काम थंडीत करत नाहीत, गोठलं तर खराब होतं, त्यामुळे चांगले गवंडी उन्हाळ्यासाठी खूप आधी बुक होतात, हे वेळापत्रक आत्ताच डोक्यात ठेवा.

छपराला २ आहे तर ती लाल कौलं आहेत की स्लेट, म्हणजे पातळ दगडी पाट्या, ते बघा. स्लेट स्वतः शंभर वर्षं टिकते पण खिळे गंजतात आणि खाऱ्या वाऱ्यात अजून लवकर, मग एकेक स्लेट घसरायला लागते. दोन-चार घसरल्या असतील तर किरकोळ काम आहे, पण सगळीकडे खिळेच गेले असतील तर अख्खं छप्पर उतरवून परत घालायचं, दोन्ही खर्चांत जमीन-अस्मानाचा फरक. छपरवाल्याचं लेखी एस्टिमेट घ्या.

घर लिस्टेड (वारसा म्हणून नोंदलेलं) आहे का, आणि कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात, येतं का हेही विचारा, कारण या गावांचे जुने भाग बहुतेक येतात. मग खिडकी बदलायची तरी परवानगी बघावी लागते. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील तर नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, म्हणजे तुम्हाला. प्रॉपर्टी क्वेश्चनेअरमध्ये केलेले बदल लिहिलेले असतात, त्याची कागदपत्रं सॉलिसिटरला, म्हणजे तुमच्या वकिलाला, मागायला सांगा.

पैशाचं एक नीट समजून घ्या. बँक कर्ज देते ते रिपोर्टमधल्या व्हॅल्युएशनवर, तुमच्या ऑफरवर नाही. समजा व्हॅल्युएशन २,१०,००० पाउंड आहे आणि तुम्ही २,२८,००० ला घेतलं, तर वरचे १८,००० डिपॉझिट सोडून आणखी खिशातून रोख द्यायचे. आणि तुमच्या नावावर पुण्यात किंवा कुठेही फ्लॅट असेल तर आत्ताच सॉलिसिटरला सांगा. इथल्या एलबीटीटी, म्हणजे घर खरेदीवरच्या टॅक्समध्ये, जगात कुठेही असलेलं दुसरं घर धरतात, नवरा-बायकोचं एकत्र धरतात, आणि तुमच्या वाट्याची किंमत ४०,००० पाउंड किंवा जास्त असेल तर डिसेंबर २०२४ पासून पूर्ण किमतीवर ८ टक्के जादा लागतो. २,२८,००० वर ते होतात १८,२४० पाउंड. राहतं घर विकून दुसरं घेत असाल तर नियम वेगळा आहे, पण भाड्याने राहून हे पहिलं घेत असाल तर पुण्याचा फ्लॅट नडतो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला हे शेवटच्या आठवड्यात कळलं आणि त्यांचे फार हाल झाले.

आता वेळ. इथे ऑफर सॉलिसिटरच टाकतो. आधी त्याला नोट ऑफ इंटरेस्ट, म्हणजे तुम्हाला घरात रस आहे अशी नोंद, द्यायला सांगा, म्हणजे क्लोजिंग डेट, सगळ्यांनी ऑफर द्यायची शेवटची तारीख, ठरली तर तुम्हाला सहसा कळवतात, पण विकणारा त्याने बांधला जात नाही. मिसिव्ज, म्हणजे दोन सॉलिसिटरमधली पत्रं, पूर्ण होईपर्यंत दोन्ही बाजूंना मागे फिरता येतं, त्यानंतर फिरलात तर भरपाई बसते. क्लोजिंग डेटला चार जण असतील तर "सर्व्हे करून मग बघू" अशी अट असलेली ऑफर मागे पडते, म्हणून गवंडी आणि छपरवाला त्याआधी फिरवून आणा असं म्हणतोय. आम्ही दोघांना एकाच दुपारी नेलं आणि त्यांच्या अंदाजावरून आमच्या ऑफरचा आकडा ९,००० पाउंडांनी खाली आणला, तरी घर मिळालं.

समुद्राचं राहिलं. सेपा या स्कॉटलंडच्या पर्यावरण संस्थेच्या साइटवर पुराचा नकाशा आहे, त्यावर पोस्टकोड टाका, डायनॅमिक कोस्टच्या नकाशावर किनारा किती खचतोय ते बघा, आणि ऑफरच्या आधी इन्शुरन्सचा कोट काढा. शक्य असेल तर एकदा जोराचा पूर्वेचा वारा असताना संध्याकाळी जाऊन त्या गल्लीत उभे राहा, लाटांचे तुषार कुठपर्यंत येतात आणि किती खिडक्यांत दिवे लागतात ते दिसेल, कारण बरीच घरं फक्त सुट्टीपुरती उघडतात. आम्हाला शेजारी बारा महिने राहणारे मिळाले, पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच सांभाळलं.

तुमची ३वाली ओल नक्की कुठल्या भिंतीला आहे, समुद्राकडच्या की मागच्या, आणि खालच्या मजल्यावर की चिमणीजवळ वर, ते कमेंटमध्ये लिहा. चिमणीजवळ असेल तर प्रकरण बहुधा वेगळं आहे, त्याबद्दल सांगतो.