पेड म्हणजे पाय? पेडगावला निघालेली व्युत्पत्ती

प्रश्न असा: पेडल, पेडेस्ट्रियन, पीडियाट्रिक, ऑर्थोपेडिक, एन्सायक्लोपीडिया, टॉर्पेडो या सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये पी-ई-डी आहे, मग सगळ्यांचं मूळ पायातच असणार ना?

नाही. हा घोळ क्लासमधल्या 'रूट वर्ड'च्या झेरॉक्सांचा. 'पेड म्हणजे पाय' एवढं पाठ करायचं, की दिसेल त्या शब्दाला पाय फुटलेच.

पेडल, पेडेस्ट्रियन, बायपेड (द्विपाद) यांत लॅटिन 'पेस, पेदिस' आहे, म्हणजे आपल्या 'पाद'चा सख्खा भाऊ. इंग्रजी 'फूट'ही त्याच घरातलं. 'पिता'-'फादर'मध्ये प चा फ होतो तसाच इथे झाला. सेंटिपेड म्हणजे शतपाद. मात्र गोमेच्या पायांच्या जोड्या विषम असतात, 15 पासून 191 पर्यंत, त्यामुळे नेमके शंभर पाय जमत नाहीत. एवढ्यावर हा गट संपला.

पीडियाट्रिकमधलं पेड वेगळं. ग्रीक 'पाइस, पाइदोस' म्हणजे मूल. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये तिथे पी नंतर ए-ई येतं. अमेरिकनांनी ए गाळला आणि दोन परकी कुळं एकाच आडनावाने वावरू लागली. म्हणून शंका आली की ब्रिटिश स्पेलिंग बघा: ए-ई असेल तर मूल. पेडॅगॉजीला, म्हणजे अध्यापनशास्त्राला, हा नियम लागत नाही, कारण तिथला ए ब्रिटिशांनीही बहुधा सोडला आहे.

आता खरी गंमत, ऑर्थोपेडिक. हाडांचा डॉक्टर म्हटल्यावर पाय आठवतोच, आणि तिथेच फसगत होते. पॅरिसचे वैद्य निकोला आंद्री यांनी 1741 साली हा शब्द घडवला: 'ऑर्थोस' म्हणजे सरळ, 'पाइदिऑन' म्हणजे लहान मूल. त्यांचं पुस्तक आईबापांसाठी होतं, मुलांच्या शरीरातलं व्यंग कसं टाळावं नि दुरुस्त करावं हे सांगणारं. त्यातलं चित्र आजही या शाखेचं बोधचिन्ह आहे: वाकडं झाड, सरळ खांबाला दोरीने बांधलेलं. तेव्हा आजोबांचा गुडघा बदलणारे सर्जन शब्दशः पोरं सरळ करणारे ठरतात! अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने आपल्या नावात ते ए-ई अजून जपलं आहे, हे मला फार आवडतं. पायाचा डॉक्टर हवा असेल तर तो पोडायट्रिस्ट, ग्रीक 'पूस, पोदोस'मधून आलेला. ट्रायपॉड, ऑक्टोपस त्याचेच भाऊबंद.

'पेडॅगॉजी म्हणजे पायरीपायरीने शिकवणं' असं शिक्षक प्रशिक्षणात बेधडक सांगणारे आहेत. त्यांनी एकदा कोश उघडावा. ग्रीकांचा 'पाइदागोगोस' शिकवत नसे; तो घरचा गुलाम, मुलाला शाळेत नेणारा-आणणारा. 'आगोगोस' म्हणजे नेणारा. याच्याच शेजारचा 'पेडंट', म्हणजे पुस्तकी पांडित्य मिरवणारा; इटालियन 'पेदान्ते', मूळचा मास्तर. त्याच्या मुळाबद्दल कोशांत एकमत नाही: कुणी त्याला पाइदागोगोसकडे नेतं, कुणी पायाकडे. माझ्या मते भांडणच फुकट. मुलाचा हात धरून पायी चालणारा तो माणूस दोन्ही 'पेड' अंगावर वागवतो, आणि इटालियन कानांनी त्यात पायही ऐकला असणार. पुरावा मागाल तर नाही. पण दुसऱ्या बाजूकडेही निर्णायक असं काही नाही.

एन्सायक्लोपीडियात तर सायकल आणि पेडल दोन्ही दिसतात! प्रत्यक्षात तिथे 'एन्किक्लिओस पाइदेया' आहे, म्हणजे सर्वांगीण शिक्षण. पाइदेया हे मूलवाल्या 'पाइस'च्याच घरातलं.

टॉर्पेडोत मात्र ना पाय ना मूल. लॅटिन 'तोर्पेरे' म्हणजे बधिर होणं. विजेचा झटका देणाऱ्या माशाला 'तोर्पेदो' म्हणत, आणि तेच नाव पाण्यातल्या सुरुंगांना मिळालं. 1864 साली अमेरिकेच्या यादवी युद्धात, मोबाइल बे या उपसागरातल्या लढाईत ज्यांना टॉर्पेडो म्हणत होते ते असे सुरुंगच होते, स्वतःहून धावणारं अस्त्र नव्हे. शब्द फोडायचा तर 'तोर्प' आणि 'एदो' असा. अल्बेडोच्या (पृष्ठभागाने प्रकाश परावर्तित करण्याच्या प्रमाणाच्या) शेवटी आहे तोच हा प्रत्यय.