मामांचा सत्कार थांबवा, बीडला मात्र फोन करा

औसा तालुक्यातल्या एका सूनबाईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा देते.

"अक्का, माझे सासरे नौदलात होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. 1971 च्या लढाईत 'खुकरी' जहाज बुडालं तेव्हा ते त्यावर होते. वाचलेल्यांतले एक. पुढं नोकरी पूर्ण करून पेन्शनवर गावी आले आणि शेती बघायला लागले. माझ्या लग्नाला 27 वर्षं झाली, पण या विषयावर त्यांच्या तोंडून मी एक शब्द ऐकलेला नाही. डिसेंबर लागला की त्यांचं जेवण तुटतं. एवढ्या थंडीत बाज अंगणात टाकून झोपतात, आत चला म्हटलं की चिडतात. सासूबाई होत्या तेव्हा सांगायच्या, किल्लारीच्या भूकंपात चार दिवस ढिगारे उपसायला गेले होते आणि परत आल्यावर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचे वडील त्याच जहाजावर होते आणि गेले. हे तेव्हा आईच्या पोटात होते. मामांच्या मुंबईच्या एका जुन्या सोबत्याकडून नंबर मिळाला म्हणाले. 'वडिलांचं काहीच सापडलं नाही. आईनं दोन वर्षं कुंकू पुसलं नव्हतं, पोहत कुठंतरी लागले असतील म्हणून. आता ती थकलीय. काकांशी पाच मिनिटं बोलू द्या.' मी फोन घेऊन मामांकडं गेले. त्यांनी हात मागं घेतला. 'मला काय विचारायलेत? घरी नाहीत म्हणून सांग.' मी तसं सांगितलं आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. त्यात आमच्या ह्यांनी मोबाइलवर तारीख बघून 9 डिसेंबरला ग्रामपंचायतीपुढं मामांचा सत्कार ठरवलाय. बॅनर छापायला टाकलंय. मामा एवढंच म्हणाले, 'त्या दिवशी मी शेतात असेन.' हे म्हणतात, ऐनवेळी येतील. मी कुणाची बाजू घेऊ? आणि बीडच्या माणसाला काय सांगू?"

ताई,

आधी ते बॅनर थांबवा. छापून आलं असेल तर माळ्यावर टाका, पैसे गेले तर जाऊ द्यात. सरपंचांना तुमच्या मिस्टरांनी स्वतः जाऊन सांगावं की कार्यक्रम होणार नाही. मामांना नाही म्हणायला लावू नका. ते एकदा म्हणालेत, त्यांच्या पद्धतीनं. शेतात असेन म्हणाले, यापेक्षा स्पष्ट नकार त्या पिढीतला माणूस देत नसतो.

मिस्टरांचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण तारखेकडं नीट बघा. 4 डिसेंबरला आपण नौदल दिन करतो, कारण त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. 16 तारखेला विजय दिवस, ढाक्याच्या शरणागतीचा. दोन्ही तारखा अभिमानाच्या. त्यांच्या मधोमध 9 डिसेंबर येते. त्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात 'खुकरी'ला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. 'खुकरी' आणि 'किरपाण' त्याच पाणबुडीच्या शोधात पाठवलेल्या होत्या. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. स्वातंत्र्यानंतर लढाईत आपल्या नौदलानं गमावलेली ही एकमेव युद्धनौका. मामांच्या हिशेबी 9 डिसेंबर म्हणजे त्यांच्यासोबत एका मेसमध्ये जेवणाऱ्या माणसांचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि फेटा अंगावर घ्यायचा, हे त्यांना कसं जमावं?

आणखी एक गोष्ट तुमच्या मिस्टरांना समजावून सांगा. त्या जहाजाचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. जहाज सोडायचा हुकूम दिल्यावर त्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले, असं त्या रात्रीबद्दल सांगितलं जातं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. अशा कप्तानाच्या हाताखालचा विशीतला पोरगा दुसऱ्या दिवशी पाण्यातून जिवंत बाहेर निघतो. देशानं त्याच्या कप्तानाचं नाव कायमचं लक्षात ठेवलं, ठेवायलाच हवं होतं. वाचलेल्यांना मात्र कुणी हळूच विचारतं, कुणी उघड विचारतं: तुम्ही कसे वाचलात? विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. ऐकणाऱ्याला मात्र त्यात जाब ऐकू येतो. सत्काराच्या माइकवर पहिला प्रश्न हाच येणार.

तुम्ही औसा तालुक्यातल्या आहात, त्यामुळं हे तुम्हाला लांबचं वाटणार नाही. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि पहाटे घरं अंगावर आली. त्या रात्री कुणी राखणीला शेतात झोपायला गेलं म्हणून वाचलं, कुणी परगावी होतं म्हणून वाचलं. त्यांच्यातली कितीतरी माणसं पुढं वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत राहिली. मी तरी का उरलो, याचं उत्तर कुणाकडंच नसतं. मामा त्या ढिगाऱ्यांवर चार दिवस राबले आणि मग गप्प झाले, हे सासूबाईंनी तुम्हाला सांगून ठेवलं, फार बरं केलं. मला वाटतं, 22 वर्षांपूर्वी समुद्रात जे करता आलं नव्हतं, ते हातानं करायला ते तिथं गेले होते.

ते इतकी वर्षं गप्प का राहिले, असंही तुम्ही पत्रात एका ठिकाणी विचारलंय. त्याचं एक कारण मला आपल्या मुलखातच दिसतं. मामा लढाईनंतर रजेवर गावी आले असतील तेव्हा इथं काय चाललं होतं आठवा. 1972 चा पाऊस गेला. विहिरी तळाला गेल्या, दावणीची जनावरं विकली गेली, घरंच्या घरं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर पोरं जगली. ज्या गावात प्यायला पाणी नाही, तिथं पाण्यात बुडालेल्या माणसांची गोष्ट कोण कुणाला सांगणार? आजही आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांपुढं 'बहात्तर' म्हटलं की दुष्काळ निघतो, लढाई निघत नाही. कोकणातल्या गावात नौदलातला माणूस म्हटलं तर दर आळीला एक सापडतो. त्यांचं ऐकायला आणि त्यांना गप्प बसू द्यायलाही माणसं असतात. आपल्याकडं मामा गावात एकटेच. त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण ऐकणारं तरी कोण होतं?

आता बीडच्या फोनचं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट.

मामांनी त्या गृहस्थांना नकार दिलाय असं मला वाटत नाही. ते एका प्रश्नाला भ्यालेत. माझे वडील कसे गेले? त्या जहाजावर दोन-अडीचशे माणसं होती. प्रत्येकाची ड्यूटी वेगळी, जागा वेगळी. खालच्या डेकवर जे होते त्यांतल्या बहुतेकांना वर यायला वेळच मिळाला नाही. मामांनी त्या गृहस्थांच्या वडिलांना शेवटच्या क्षणी पाहिलंच नसेल, तर 'मला ठाऊक नाही' म्हणायचं आणि त्या मुलाची पन्नास वर्षांची आस तोडायची. आणि पाहिलं असेल, तर ते एका म्हाताऱ्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगायचं? दोन्हीकडून अडचण. हात मागं घेतला नाही तर काय करतील?

पण त्या मुलाला खरंच शेवटची पाच मिनिटं हवीत का? अशा घरांतली माणसं बहुतेक वेळा दुसरंच काही शोधत असतात. वडील चालायचे कसे. मेसमध्ये त्यांना कोणत्या नावानं हाक मारायचे. गावची भाषा बोलले की बाकीचे हसायचे का. भाकरीची आठवण काढायचे का. बायको गरोदर असल्याचं पत्र त्यांना मिळालं होतं का, आणि मिळालं असेल तर कुणाला दाखवलं का. ज्याला बापाचा चेहरा फक्त फोटोत ठाऊक आहे, त्याच्यासाठी यातली एक गोष्टसुद्धा पुष्कळ आहे. आणि हे सांगायला मामांना त्या रात्रीत परत उतरावं लागत नाही. त्या रात्रीच्या आधीचे महिने, बंदरातले दिवस, पगार झाल्यावर मुंबईत कुठं फिरले, एवढं आठवलं तरी चालतं.

म्हणून मधे पत्र आणा. बीडच्या गृहस्थांना सांगा की मामांना हातानं लिहिलेलं, साधं एक पानाचं पत्र पाठवा. त्यात वडिलांचा एक फोटो ठेवा, गणवेशातला नसला तरी चालेल. मृत्यूबद्दल एकही प्रश्न विचारू नका, वडील जिवंत असतानाचं विचारा. आणि पत्रात हेही स्पष्ट लिहा: 'तुम्हाला त्यांची ओळख नसली, काही आठवत नसलं, तरी आमची काही तक्रार नाही. तुम्ही वाचलात याचं आईला समाधान आहे.' हे शेवटचं वाक्य त्या माउलीला विचारूनच लिहावं. त्या तसं म्हणत असतील तरच. माझा अंदाज, त्या म्हणतील.

पत्र आलं की मामांच्या उशाशी, चष्म्याच्या घराजवळ ठेवा. वाचून दाखवू नका. वाचलं का म्हणून विचारू नका. पाहुण्यांपुढं विषय काढू नका. ते कदाचित महिनाभर उघडणार नाहीत. कदाचित फोटो बघून ठेवून देतील. एखाद्या दिवशी चहा घेताना एकच वाक्य बोलतील, तेव्हा हातातलं काम सोडून ऐका आणि तिथंच थांबा, पुढचा प्रश्न विचारू नका. आणि कधीच बोलले नाहीत, तर तोही त्यांचा हक्क आहे. या बाबतीत माझं मत पक्कं आहे. बीडच्या माणसाचं दुःख कितीही खरं असलं, तरी मामांच्या मनाचं दार बाहेरून उघडायचा अधिकार कुणालाच नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही. दारापर्यंत पत्र नेऊन ठेवणं तेवढं आपल्या हातात आहे.

अंगणातल्या बाजेचं म्हणाल, तर ती तिथंच राहू द्या. बंद खोलीत, डोक्यावर छत असताना त्यांना झोप का येत नसेल, याचा अंदाज तुम्हाला आता आला असेल. दोन घोंगड्या जास्त द्या, डोक्याला मफलर, आणि अंगणातला दिवा चालू ठेवा. पण जेवण पार सुटलं, रात्र रात्र जागे राहायला लागले, किंवा 'आता बस झालं' असं काही बोलले, तर मग वाट पाहू नका. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः बोलून बघा. घरी कसं वागावं हे विचारायलाही तो नंबर चालतो. या वयात, इतक्या वर्षांनी काय फरक पडणार, असं मिस्टर म्हणतील. झोप लागायला लागली तरी फरकच आहे.

आता मिस्टरांचं. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनीही बापाची गप्प पाठच पाहिलीय. मुलगा म्हणून त्यांना बापाचा अभिमान आहे आणि तो कुठं ठेवावा हे कळत नाही, म्हणून बॅनर. त्यांना दुसरं काम द्या. 9 तारखेला मामा शेतात असणार आहेत, तर मिस्टरांनी सकाळीच शेतात जावं. डिसेंबरात तूर वाळत आलेली असते, काढणीचं काम असतंच. दिवसभर बापाच्या शेजारी राबावं, दुपारची भाकरी बांधावर बसून सोबत खावी. लढाईचं नाव काढू नये. मामांना कळेल पोरगा का आलाय.

पुढं कधी मामांनीच दीवचं नाव काढलं तर घेऊन जा. तिथं समुद्रावर 'खुकरी'चं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. त्याच नावाचं पुढचं जहाज 2021 मध्ये निवृत्त झालं, तेही आता दीवलाच दिलंय. प्रवास लांबचा आहे. लातूरहून रेल्वेनं मुंबई, तिथून वेरावळ, आणि पुढं गाडीनं दीव. तिकिटं काढून मग त्यांना सांगायचं, असं मात्र करू नका. वाटेत बीडकरांना सोबत घ्यावं असं तुमच्या मनात येईल. तेही मामांनी म्हटलं तरच.

उरलं एक काम, ते तुमचं. मामा घरी नाहीत असं तुम्ही बीडच्या गृहस्थांना सांगितलंत. तुम्ही सासऱ्यांचं ऐकलंत, त्यात तुमचा दोष नाही. पण ते गृहस्थ आता रोज फोनची वाट बघत असतील, आणि काकांना आपल्याशी बोलायचंच नाही असं समजून एक दिवस वाट बघणं सोडतील. त्यांना खरं सांगा. म्हणा, 'मामा घरीच होते. त्यांना बोलवेना. त्यांनी तुम्हाला टाळलं नाही, त्यांना ती रात्र सोसत नाही. तुम्ही पत्र लिहा.' जमलं तर त्यांच्या आईशीही दोन शब्द बोला. बाई माणूस बाई माणसाशी बोलेल. मामांचं जेवण, त्यांची झोप, अंगणातली बाज, हे त्यांना सांगायला हरकत नाही, कारण या जगात ते समजणारी माणसं फार थोडी उरलीत आणि त्या त्यांतल्या एक आहेत. त्यांचं वय बघता हा फोन सण-वार, पेरणी-काढणी बघून लावायचा नाही. हे वाचून झालं की लावा.

तुमची,
अक्का