झाडावर बसलं म्हणून देवहंस होत नाही

तुम्ही विचारलंय, शिराळ्याकडच्या तळ्याकाठी फांदीवर बसलेलं बदक आसामचा देवहंस असेल का, आणि जगात हे पक्षी नेमके किती उरलेत.

देवहंस नाही तो. तपकिरी अंग, उडताना शीळ, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे अडई. ती झाडावर बसतेच, ढोलीत अंडीही घालते. देवहंस तिच्या कितीतरी पट थोराड, दोन-तीन किलोचा. डोकं पांढरं, त्यावर काळे ठिपके, अंग काळपट. आपल्याकडे तो नाहीच. भारतात आसाम-अरुणाचलमध्ये नामेरी, दिहिंग पटकाई, नामदाफा अशा जंगलांत आहे. (नावातला 'देव' देव्हाऱ्यातला नव्हे, भुताखेतातला. पहाटे दाट रानातून येणारी त्याची ओरड तशीच आहे म्हणे.)

आता संख्या. मी जानेवारीत पाणपक्षी गणनेसाठी सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडीच्या तलावावर जातो. कुडकुडत बांधावर दुर्बीण लावायची, पाण्याचे मनातल्या मनात तुकडे पाडायचे, दहा-दहाचे गठ्ठे मोजायचे. शेजारचा 'चक्रवाक बेचाळीस' म्हणतोय तोवर कुत्रं येतं, थवा उठतो, की पुन्हा पहिल्यापासून. तरी आकडा बरा येतो, कारण पाणी उघडं आणि बदकं दिवसाढवळ्या समोर.

देवहंसाचं सगळंच उलटं. तो एकटा-दुकटा, जोडीने, फार तर पाच-सहा. दिवसभर झाडीत दडलेला आणि चरायला तिन्हीसांजेला किंवा रात्री जंगलातल्या एखाद्या डबक्यावर. तिथे दुर्बीण काय करणार? मग डबक्याकाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावायचे, पहाटे लपून आवाज टिपायचा, गावकऱ्यांना विचारायचं. एवढं करून हाती येतं ते 'इतक्या डबक्यांपैकी इतक्यांवर दिसला', पक्षी किती ते नव्हे.

2002 च्या सुमाराचा जगाचा अंदाज 800 आहे: भारत, बांगलादेश, म्यानमार मिळून 450, लाओस-थायलंड-व्हिएतनाम-कंबोडियात 200, सुमात्रात 150. सगळे कसे गोल! आमच्या येरळवाडीच्या वहीत असे आकडे कधी येत नाहीत. तेव्हा 800 ला खानेसुमारी समजू नका. संख्या घटतेय याबद्दल मात्र वाद नाही. सखल भागातलं जंगल तुटतंय, शिकार आहे, अंडी-पिल्लं उचलली जातात. शिवाय घरट्याला ढोली हवी, ती जुन्या, जाड झाडालाच पडते. असं झाड तोडलं की डबकं तिथेच राहतं, पण वीण थांबते. माझ्या मते एकूण आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा तीच डबकी, त्याच पद्धतीने, दरवर्षी तपासणं जास्त कामाचं.

तुमची अडई मात्र सोडू नका. तारीख आणि तळ्याचं नाव घालून नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. त्या झाडाला ढोली आहे का तेही बघा; असली तर पावसाळ्यात पुन्हा चक्कर मारा, पिल्लं पाण्यावर दिसतील.