मजकुरातला युरोपकेंद्रीपणा नेमका ओळखायचा कसा?

युरोपविषयी लिहिणं किंवा फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोचा दाखला देणं म्हणजे युरोपकेंद्रीपणा नव्हे. ही गल्लत फार होते. एका खंडाचा अनुभव साऱ्या माणसांची मोजपट्टी बनतो, तिथे तो सुरू होतो.

आधी नकार शोधा. 'तिथे नागरी समाज नव्हता', 'कादंबरी उशिरा आली', 'ते अजून आधुनिक झालेले नाहीत'. उशिरा म्हणजे कुणाच्या घड्याळात? दरवेळी उत्तर युरोप येत असेल, तर तिथे काय होतं हे सांगायचं राहूनच जातं, उरते ती उणिवांची यादी. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २००० साली या 'अजून नाही'ला इतिहासाचं प्रतीक्षालय म्हटलं, म्हणजे बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायची जागा, आणि मला ते अगदी पटतं. मग तळटीपा पाहा: सिद्धांत पॅरिसचा आणि आफ्रिका-आशिया फक्त उदाहरणापुरते, असं आहे का?

अर्थशास्त्रज्ञ समीर अमीन यांनी १९८८ मध्ये मुळावरच बोट ठेवलं. ग्रीस, रोम, ख्रिस्ती युरोप, भांडवलशाही ही सरळ रेघ नंतर आखलेली आहे. ती आखताना ग्रीसला इजिप्त आणि पश्चिम आशियापासून तोडावं लागतं. 'आमचीच संस्कृती श्रेष्ठ' हे प्रत्युत्तरही त्यांना मान्य नव्हतं. त्यात केंद्र हलतं, साचा तोच राहतो.

झटपट चाचणी हवी असेल तर सार्वत्रिक वाटणाऱ्या वाक्यात 'पश्चिम युरोपात' हे शब्द घाला. 'धर्म खाजगी बाब झाला' हे वाक्य तेव्हाच खरं वाटू लागलं, तर दावा स्थानिक होता.