बोअर मारली की झालं?

प्रश्न: सहाराच्या कडेला राहणारे तुआरेग आणि फुलानी लोक पाण्यासाठी गाढवं घेऊन मैलोनमैल जातात असं एका व्हिडिओत बघितलं. मग जागोजागी बोअर मारून मोटर का नाही बसवत? जमिनीत पाणीच नाही का?

उत्तर: पाणी आहे हो, पण खोल आहे. नायजरमधला अबालाक, चिनताबाराडेनचा पट्टा घ्या. तिथे पाऊस जून ते सप्टेंबर, तोही आला तर आला, आणि मग पावसाळी तळी आटली की सगळी भिस्त विहिरीवर, ती ६०-७० मीटर खोल असली तरी कुणाला त्याचं अप्रूप नाही. पाणी काढायचं मोटेनं. वर लाकडी बेचक्यावर चाक, चामड्याची नाहीतर टायरच्या ट्यूबची मोट, दोर गाढवाला किंवा उंटाला बांधलेला आणि जनावर हाकायला बऱ्याचदा एखादं लहान पोर. विहीर जेवढी खोल तेवढं जनावर लांब चालत जाणार, त्यामुळे विहिरीपासून निघालेली ती तुडवलेली धाव बघितली तरी कळतं पाणी किती खाली आहे.

आता तुमचं बोअरचं म्हणणं. ते करून झालंय! दुष्काळाआधीच्या काळात साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या या पट्ट्यात, सरकारांनी मोठ्या पंपाच्या बोअर मारल्या, पाणी सगळ्यांना खुलं, कुणाला विचारायची गरज नाही. मग १९६८ ते १९७४ चा दुष्काळ पडला, कळपच्या कळप बोअरकडे धावले, आजूबाजूचं गवत कित्येक किलोमीटर साफ झालं आणि गुरं मेली ती तहानेनं नाही तर भुकेनं, भरलेल्या हौदाशेजारी.

जुन्या विहिरीला वाली असतो, म्हणजे ज्या कुळानं खोदली त्याचा मान पहिला. तहानलेल्याला नाही कुणी म्हणत नाही, वाटसरूनं जनावरं पाजावी आणि पुढे जावं, पण मुक्काम ठोकायचा तर विचारावं लागतं. शिवाय मोटेनं दिवसभरात पाणी निघून निघून किती निघणार, त्यामुळे कळपही बेतातच राहतात. मोटर आली की हा लगाम सुटतो. बोअर नकोच असं मी म्हणत नाहीये, पण आधी बसून ठरवा ना की पाणी कुणाच्या ताब्यात, कुणाचे कळप कधी येणार, पंप बिघडला तर पैसे कोण काढणार. हे बोलणं खोदकामापेक्षा किचकट असतं आणि त्याचा फोटोही काढता येत नाही, म्हणून देणग्या देणाऱ्यांना त्यात फारसा रस नसतो (माझं मत आहे, राग नसावा).

आणखी एक गंमत. फुलानींची मुख्य दौलत गाय, तुआरेगांची उंट, ढोबळमानाने हं, शेळ्यामेंढ्या दोघांकडेही असतात. गाईला उन्हाळ्यात दिवसाला ३०-४० लिटर लागतं आणि एक-दोन दिवसांत परत विहिरीवर आणावंच लागतं. उंट कडक उन्हातही कित्येक दिवस लांब चरून येतो आणि आला की एका दमात १०० लिटरच्या आसपास पिऊन टाकतो. म्हणजे विहीर एकच, पण दोघांची घड्याळं वेगळी. पाळी कशी लावायची हे बाहेरचा इंजिनियर नाही सांगू शकत.

प्रश्न: मग निदान साधा हापसा? आणि विहिरीचं पाणी स्वच्छ असतं का?

उत्तर: हापसा छान, पण साधारण ४५-५० मीटरपर्यंत, त्याखाली हापसून माणसाचे खांदे जातात. पाण्याचं म्हणाल तर खोलातलं पाणी बहुतेक वेळा चांगलं असतं, ते नासतं वर आल्यावर. दोर शेणामातीत लोळतो, मोट जमिनीवर टेकते, परत तीच आत सोडतात. त्यावर उपाय अगदी साधा वाटेल असा आहे: तोंडाला सिमेंटचा उंच कठडा, भोवती उतार असलेला ओटा, गुरांची डोण चार पावलं लांब आणि माणसांसाठी वेगळा नळ. पावसाळ्यात मात्र लोक जवळच्या तळ्यातलं पाणी पितात, गुरंही त्यातच उभी. नारू यायचा तो अशा पाण्यातूनच, त्यातला बारीक पाणकिडा पोटात गेला की वर्षभरानं पायातून वीतभर नाही, हातभर लांब दोऱ्यासारखी अळी बाहेर! त्यावर ना लस ना औषध, पाणी बारीक कापडातून गाळायचं आणि नारू झालेल्यानं तळ्यात पाय घालायचा नाही, एवढ्यावर काम झालं. २०१३ मध्ये नायजर नारूमुक्त जाहीर झाला.

प्रश्न: हे लोक पाण्याजवळ कायमचे का राहत नाहीत? अर्धे प्रश्न सुटतील.

उत्तर: आणि उरलेले दुप्पट होतील. वर बोअरचं सांगितलंय तेच होणार, गवत संपणार. पाऊस जिकडे पडला तिकडे कळप नेणं हा त्यांचा हिशेब आहे, नुसती भटकंती नाही, आणि नायजरनं २०१० च्या पशुपालन कायद्यात हे फिरणं पशुपालकांचा मूलभूत हक्क म्हणून लिहूनही टाकलंय. तुआरेगांच्या भाषेत 'अमान इमान' म्हणतात, पाणी म्हणजे जीव. त्याच्या पुढे अजून एक तुकडा आहे, दूध म्हणजे तगणं. आणि दूध पाहिजे तर गवताच्या मागे जावंच लागतं.